मर्लरावांच्या यादीतली चौथी ओळ

टॉरी, युटा
२ ऑक्टोबर, सकाळची कॉफी झाल्यावर

प्रिय युनिस वन्संना,

केसांत, कानांत आणि कॉफीतसुद्धा लाल वाळू असलेल्या तुमच्या भावजयीचा, म्हणजे अर्डिथचा, मनापासून नमस्कार. गुडघा कसा आहे? ओमाहात थंडी पडायला लागली का? टोमॅटो संपले असतील आणि त्यांच्या बरण्या भरून तुम्ही शेजारपाजारच्यांना वाटल्याही असतील (आमच्यासाठी दोन ठेवा). आम्ही दोघं सुखरूप आहोत. हे आधीच लिहिते, कारण तुम्ही कुठलंही पत्र शेवटच्या पानापासून वाचता आणि मधल्यामधे घाबरता.

गाडीही सुखरूप आहे. तुमचे मर्लराव गेल्यापासून दोन वर्षं ती तीस फुटांची घरगाडी तुमच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती, आणि विकायच्या आधी एकदा हिंडवून आणा म्हणून तुम्हीच आमच्या हातात किल्ली दिलीत. पंधरा तारखेला गिऱ्हाईक बघायला येणार, तोवर ती जशीच्या तशी परत आणायची, हे वचन मी विसरलेले नाही. 'जशीच्या तशी' म्हणजे नेमकं काय, तेवढं खाली सांगते.

तुमच्या बंधुराजांनी, म्हणजे आमच्या डेलबर्टनी, एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे त्यांना गाडीतलं कोणी काही शिकवायचं नाही. शाळेची बस सहसा मागे घ्यावीच लागत नाही, हे मात्र त्यांना झायनला घरगाड्यांच्या तळावर कळलं. तुम्हाला ठाऊकच आहे, नवी गाडी जागेत मागे घ्यायला लागली की सगळा तळ घडीच्या खुर्च्या ओढून बघायला बसतो. मी मागे उभी राहून हातांनी खुणा करत होते. डेलबर्टना वाटलं मी माशा हाकलतेय. आधी लाकडी टेबल गेलं, मग आपला मागचा बंपर गेला (तो आता दोरीने बांधलाय, आणि गाठ चांगली आहे). आयडाहोच्या एका म्हातारबाबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. डेलबर्टनी खिडकीतून हात हलवून त्यांचा स्वीकार केला.

पण पत्राचं कारण ते नाही. दाराशेजारी मर्लरावांनी स्वतःच्या हाताने लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवलेली निघतानाची यादी आहे ना? पायरी आत? अँटेना खाली? पाण्याची नळी काढली? युनिस आत? डेलबर्ट ती रोज सकाळी चर्चमध्ये वाचल्यासारखी खणखणीत वाचतात, आणि चौथ्या ओळीला मी आत मागच्या पलंगावरून तुमच्या नावाने 'हो' म्हणते. परवा रविवारी मी इथल्या टॉरीच्या तळाच्या न्हाणीघरात केस धूत होते. यांनी यादी वाचली. पायरी आत, अँटेना खाली, नळी काढली. चौथ्या ओळीला काही उत्तर येईना. तेव्हा यांनी विचार केला की युनिस तर ओमाहात आहे, आणि शांतपणे निघून गेले.

मी बाहेर आले ती डोक्याला टॉवेल, अंगात झगा आणि फोन गाडीत. आपल्या जागेवर फक्त एक ओला डाग. तळाची व्यवस्था बघणारी लारू नावाची आजी आहे, तिने मला हाताला धरून आपल्या ओट्यावर बसवलं.

"गेला होय? बस, ॲपल पाय खा, सफरचंदाची. माझा नवरा मला असाच एकदा विसरून गेला होता."

"मग किती वेळाने आले?"

"दुसऱ्या दिवशी. पाय मात्र ताजी होती."

पहिले दोन तास मी बंधुराजांना काय काय बोलायचं ते मनात घोकत होते. तिसऱ्या तासाला एकदम आठवलं की एस्कलांटच्या अलीकडे तो चिंचोळा कडा लागतो, दोन्ही बाजूंना नुसती दरी. मग पायची बशी मी खाली ठेवली. वन्सं, मी खरंच फार घाबरले. पन्नास वर्षांचा राग एका मिनिटात कुठल्या कुठे गेला.

दुपारी गाडी आली. डेलबर्ट उतरले, तोंड राखेसारखं. एस्कलांटला पोचून सँडविच मागितलं तेव्हा कळलं म्हणे, मागे कोणी नाही. तोच कडा परत ओलांडून आले.

"अगं, तू कड्यावरसुद्धा एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, आज मी खरंच चांगली चालवतोय!"

मला हसू आलं, मग रडू आलं, मग त्यांनाही. लारूने दोघांना पायची एकेक फोड दिली.

संध्याकाळी मी म्हटलं, ती ओळ खोडा आणि माझं नाव घाला. त्यांनी पेन उघडलं आणि तसेच बसून राहिले. "ताईचं नाव खोडणं माझ्याच्याने व्हायचं नाही," म्हणाले, आणि खाली पाचवी ओळ लिहिली: अर्डिथ आत? मग आम्हा दोघांच्याही मनात एकच आलं. मर्लरावांना ती ओळ लिहावी लागली, म्हणजे तेही तुम्हाला कुठेतरी विसरून गेले असणार! इतकी वर्षं पत्ता लागू दिला नाहीत. कुठे विसरले होते?

तब्येतीला जपा.

तुमची,
अर्डिथ

ता. क. गिऱ्हाइकाला काल इथून फोन केला. डेलबर्टनी त्याला सांगितलं की छत गळतं, हीटरमध्ये उंदीर आहेत आणि एक वास येतो तो काही केल्या जात नाही. छत ठणठणीत आहे, उंदीर नाहीत, वास डेलबर्टच्या मोज्यांचा आहे. त्याने तुम्हाला विचारलं तर तुम्हीही गळकं छत, उंदीर आणि वासच सांगा. बंपरचा भाग वाचूनच दाखवा, म्हणून तो इतका सविस्तर लिहिलाय.

ता. क. दुसरा. विकू नका, वन्सं. पत्र मिळताच सॉल्ट लेकची बस धरा आणि निघताना फोन करा, आम्ही न्यायला येतो. पुढची सीट तुमची, मी मागे झोपेन.

ता. क. तिसरा. तुम्ही आला नाहीत, तर आम्हीच न्यायला ओमाहाला येऊ. गाडी तुमच्या अंगणात डेलबर्ट स्वतः मागे घेणार आहेत. अंगणातल्या तुमच्या गुलाबांचा विचार करून काय ते ठरवा.