खालच्या आवाजाची एकच ओळ

प्रति,
मा. शिक्षण अधिकारी,
न्यामिरेहे विभाग कार्यालय, रवांडा.

विषय : स्मृतिसप्ताहात शाळेत गाइल्या जाणाऱ्या गीतात नव्याने भरलेले तीन आवाज काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र, दि. १८ जानेवारी २०१९.

महोदया,

१. अर्जदार अझारियास रुताबाना, वय ४४, धंदा कौले भाजण्याचा, गेली नऊ वर्षे दर एप्रिलमध्ये गासेके टेकडीवरच्या शाळेत जाऊन १९९४ च्या तुत्सी-संहारात आपल्या चर्चमध्ये काय झाले ते मुलांना सांगत आला आहे. त्यासाठी बारा मिनिटे मिळतात. आठ मिनिटे बोलणे, चार मिनिटे गीत.

२. गीत पाद्री सेमुगेशी यांनी रचलेले. त्यांना न गाता प्रवचन करता येत नसे. दोन वाक्ये बोलत आणि तिसरे गाऊ लागत, की अख्खी टेकडी एक तर डोळे पुसत असे, नाही तर हसत असे. तसे प्रवचन अर्जदाराने पुढे कुठे ऐकले नाही. गीत कागदावर कधी उतरले नाही. आवाज चार : बायकांचे दोन, पुरुषांचे दोन. चाल बायकांच्या वरच्या आवाजात. अर्जदार सर्वांत खालच्या आवाजात, मागच्या रांगेत.

३. गीत चालू असताना चर्चवर हल्ला झाला, त्या दिवशी दाराजवळ वरच्या आवाजाच्या बायका उभ्या होत्या, म्हणून आधी चाल थांबली. मग दुसरा आवाज, मग तिसरा. अर्जदार मागच्या बाकाखाली होता. त्याने आपली ओळ मनात पुरी केली. गायक तेवीस होते. आता एक आहे.

४. अर्जदार शाळेत आपली तेवढीच ओळ गातो. ती एकटी ऐकायला बरी लागत नाही, हे त्याला मान्य आहे. पहिल्या वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "काकांची गाय हरवलेली दिसतेय," आणि वर्ग हसला. अर्जदारही हसला. मग उवेरा नावाच्या मुलीने विचारले, "काका, बाकीचं गाणं कुठंय?" त्यानंतर दर वर्षी कुणी ना कुणी तेच विचारते. आठ मिनिटांच्या बोलण्याने जे कळत नाही ते या प्रश्नापाशी कळते, असा अर्जदाराचा अनुभव आहे.

५. संदर्भीय पत्रात आपण कळवलेत की "गीत अपुरे असल्याने विद्यार्थ्यांवर योग्य परिणाम होत नाही", सबब संगीत शिक्षिका मुकारुगविझा बाईंनी उरलेले तीन आवाज नव्याने बसवावेत. बाईंनी मनापासून मेहनत घेतली. तालमीला चाळीस मुले उभी राहिली आणि गीत फार सुंदर झाले. आपणही टाळ्या वाजवल्यात. पंचविसावे वर्ष असल्याने बाजाची पेटीही मागवली आहे, असे समजते.

६. तक्रार अशी की गीत सुंदर झाले. अर्जदाराच्या ओळीत मध्येच अकरा मात्रा खालच्या आवाजाला काम नसते. तिथे अर्जदाराची थोरली बहीण स्पेसिओझा एकटी गात असे. पंचवीस वर्षे, माती मळताना, भट्टीशी बसल्यावर, त्या अकरा मात्रांत अर्जदाराला तिचा आवाज येत असे. अंधुक, पण येत असे. तिचा फोटो नाही. तालमीनंतर तिथे चाळीस मुलांचा आवाज येतो. अर्जदाराने तीन आठवडे प्रयत्न करून पाहिला. बाईंची चाल चांगली आहे, ती कानांतून निघत नाही.

७. हे बाईंना सांगितले तर त्या रडू लागल्या. अर्जदाराला रडू आले नाही. त्याने त्यांना चहा करून दिला. यात त्यांचा वा मुलांचा दोष धरू नये. त्यांची चाल त्यांनी नाताळात गावी, अर्जदार ऐकायला येईल आणि पुढच्या बाकावर बसेल.

८. तरी विनंती की, ७ एप्रिल रोजी अर्जदाराला पूर्वीप्रमाणे एकट्याला गाऊ द्यावे. पेटी वाजवू नये. गीत अपुरे आहे म्हणून कुणी आधी खुलासा करू नये, मुलांना विचारू द्यावे. अकरा मात्रांच्या जागी सूत्रसंचालकाने गीत संपले असे समजून आभार मानू नयेत. मागे एकदा तसे झाले आहे. उवेरा आता त्याच शाळेत शिकवते. ती पहिल्या रांगेत बसून बोटांवर मात्रा मोजणार आहे. तिचे बोट खाली येईपर्यंत सभागृहात शांतता राहील एवढा बंदोबस्त व्हावा. बहिणीचा आवाज परत येतो का, हे अर्जदाराला त्या वेळी ऐकायचे आहे. घरी तो येत नाही.

आजवर आपल्या कार्यालयाचे सर्व ऐकलेला, या एका बाबतीत अडून बसलेला,

(सही)
अझारियास रुताबाना
गासेके, दि. ११ मार्च २०१९

सोबत :
१. आपल्या पत्राची नक्कल.
२. गीताचा खालचा आवाज, अर्जदाराने आठवून लिहिलेला. पान एक.
३. गीताचे बाकीचे तीन आवाज. जोडलेले नाहीत.