भिवपुरीला न पोचलेली सुपारी

भिसेगाव, कर्जत
कार्तिक शु. ५, शके १८६८

तीर्थस्वरूप तात्यांच्या चरणी धाकट्या अप्पाचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही काका-पुतणी सुखरूप आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींनी दिलेलं लोणचं संपत आलं. तुमच्यासारखा विचारी माणूस साऱ्या खालापूर तालुक्यात दुसरा नाही, हे मी नेहमीच म्हणतो (तुमच्यासमोर म्हणायचं राहून जातं, एवढंच).

भिवपुरीच्या स्थळाकडे होकाराची कुंकू लावलेली सुपारी पोचवण्याचं काम तुम्ही दसऱ्याला माझ्यावर सोपवलंत. मुलगा वीजघरात कारकून, नोकरी कायमची, राहायला क्वार्टर, सगळं खरं. सुपारी पोचली की तुमच्या द्वारकेचं लग्न मार्गशीर्षात पक्कं. त्याबद्दलच लिहायला बसलो आहे, पण आधी नाटकाचं सांगतो.

यंदा मॅट्रिकला एक इंग्रजी शोकनाटक नेमलं आहे. एका मोठ्या राज्यकर्त्याला त्याच्याच जिव्हाळ्याची माणसं ठरवून मारतात आणि मग प्रेतापाशी दोन भाषणं होतात. पहिलं ऐकून लोक म्हणतात, बरं झालं मारलं. दुसरं ऐकून तेच लोक मारणाऱ्यांची घरं जाळायला निघतात. आधी ऐकणाऱ्याला गोंजारावं, त्याच्या मनातलं बोलावं आणि मग हळूच वळवावं, असं मी वर्गाला (अकरा मुलगे आणि एक द्वारका) फळ्यावर लिहून दिलं. घरी द्वारका ती भाषणं मराठीत करून म्हणायची. जमाव म्हणून ओट्यावर आमचा दूधवाला कोंडाजी. पहिल्या भाषणाला त्याने "बराबर हाय त्याचं" म्हणून मान डोलावली. दुसऱ्याला डोळे पुसले आणि दुधाची कासंडी तिथेच टाकून उठला, ते मारेकरी राहतात कुठे म्हणून विचारू लागला. ते दोन हजार वर्षांपूर्वीच मेले, हे सांगूनही त्याचं समाधान झालं नाही. (त्या दिवशी आळीतल्या बाकीच्या घरांना दूध दुपारी मिळालं.)

तो गेल्यावर मी तिला विचारलं, या नाटकात विश्वासघात नेमका कुठे झाला? मुलगे सांगतात, सुरा खुपसला तिथे. परीक्षेत तेवढं उत्तर चालतं. द्वारका वही मिटून म्हणाली,

"काका, सुरा नंतरचा. दार लावून त्याच्याबद्दल ठरवत बसले आणि तो समोर आला की इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, तिथेच झाला. एकाने तरी त्याला विचारायचं."

तात्या, मला दसरा आठवला. तुम्ही, मी आणि मुलाचे मामा दार लोटून ओटीवर बसलो होतो. ती चहा घेऊन आली आणि आपण एकदम भाताच्या पिकावर बोलू लागलो. (भातातलं मला काय कळतं? ताटात आला की ओळखतो.) तिने कप ठेवले आणि ती गेली. तिला तेव्हाच कळलं असणार. मला फार लाज वाटली. तुम्ही मुलीचं वाईट चिंतणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या मारेकऱ्यांनाही आपण राज्याचं भलंच करतो आहोत असं वाटत होतं. (हे वाक्य जरा कडक झालं, पण शाईने लिहिलं गेलं.)

म्हणून उशिराने का होईना, मी तिला विचारलं. मुलगा वाईट नाही, म्हणाली. पण मार्चमधली परीक्षा तिला द्यायची आहे, आणि मार्गशीर्षात लग्न झालं तर पुस्तकं माळ्यावर जातील. यावर तुम्हाला उत्तर सुचलं तर कळवा.

वहिनींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (आजवर तरी),
अप्पा

ता. क. सुपारी भिवपुरीला गेलीच नाही. द्वारकेची वही तपासताना सवयीने हात कोटाच्या खिशात गेला, अडकित्ता जवळ होताच. कुंकवाची चव लागली तेव्हा ध्यानात आलं. दुसरी घाईने पाठवू नये.

ता. क. दुसरा. सोबत परीक्षेचा फॉर्म आहे. वडिलांची सही लागते. एकादशीच्या आत परत यावा.

ता. क. तिसरा. पत्र द्वारकेला वाचून दाखवलं. सुरुवातीची तुमची स्तुती तिने खोडायला सांगितली. म्हणाली, "तात्यांना सरळ विचारा, ते नाही म्हणणार नाहीत." माझा काही तेवढा धीर होत नाही, म्हणून स्तुती राहू दिली आहे.