गोळीऐवजी टाके घालण्याबाबत

प्रति,
मा. प्राणी नियंत्रण अधिकारी,
जिल्हा कार्यालय, सवाई बेट, सामोआ.

विषय : मौजे सातुआफे येथील कुत्री सोमवारी गोळ्या घालून न मारता पशुवैद्यांना पुन्हा पाठविणेबाबत.
संदर्भ : सभाघराच्या खांबावर चिकटवलेली आपली नोटीस.

महोदय,

१. अर्जदार हा गावचा पिढीजात वक्ता असून पाहुण्यांच्या स्वागताचे भाषण करणे हा त्याचा मान आहे. गावात कुत्री अतोनात झाली, हे मान्य. मोजायला गेलेल्या मास्तरांना मोजून झालेलीच कुत्री पुन्हा येऊन चावल्याने बेरीज चुकली. सायंप्रार्थनेचा शंख वाजताच ती असा गळा काढतात, की शेजारच्या गावाने आमच्या चर्चच्या गायकांचे लेखी अभिनंदन केले.

२. दवाखाना आपियाला, समुद्रापलीकडे. फेरीबोट पिंजऱ्याशिवाय कुत्रे घेत नाही. नसबंदीच्या शस्त्रक्रियेची फी एका पोसलेल्या डुकराएवढी, आणि डुक्कर तर लग्नाला लागते. सबब कुत्री वर्षातून दोनदा वितात.

३. मार्चमध्ये डॉ. सीलेपा या फुकट शस्त्रक्रिया करण्यास आल्या. रीतीप्रमाणे आधी आवा या मुळीच्या पेयाचे पान व भाषण झाले. पाहुण्यांतर्फे उत्तर देणारा वक्ता त्यांच्यापाशी नव्हता, म्हणून समोरच्या बाजूला जाऊन बसून उत्तरही अर्जदारानेच दिले. ते मूळ भाषणापेक्षा सरस ठरल्याने प्रत्युत्तर देणे भाग पडले. "आजोबा, तीनची बोट आहे हो, कुत्री आणा ना!" असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थांब गं पोरी, वंशावळीत अजून तुझ्या पणज्यापर्यंतच आलोय," असे अर्जदार म्हणाला. मग जेवणे झाली. शस्त्रक्रिया एकच झाली, तीही पाद्रीबुवांच्या बोळक्या, आंधळ्या कुत्र्यावर. अर्जदाराची पत्नी फियासीली तेव्हापासून म्हणते, "पहिला टाका तुमच्या जिभेलाच घालायला हवा होता."

४. चूक अर्जदाराची. परंतु आपल्या नोंदवहीत "सातुआफे : मोहीम पूर्ण" असे कोणी लिहिले? त्याच नोंदीवरून पुढील तीन वर्षे डॉक्टर नाहीत. आणि मोहीम होऊनही कुत्री घटली नाहीत, म्हणून बंदूक. एका आंधळ्या कुत्र्याच्या जिवावर आपण अख्ख्या गावाचा निकाल लावला. बंदूकवाल्याला बोटीत जागा मिळते, ती डॉक्टरीणबाईंना द्यावी. त्यांनी महिन्यातून एक दिवस यावे, फी तारोच्या कंदांच्या एका टोपलीवर भागावी. शेवटचा टाका पडेपर्यंत कोणीही भाषण करू नये, असा गावसभेचा ठराव झाला आहे.

५. मालकाने आपले कुत्रे स्वतः दोरीने बांधून आणावे, असे नोटिशीत आहे. अर्जदाराची कुत्री मासी गाभण आहे. ती फक्त अर्जदाराच्या हाकेला येते. मार्चमध्ये तिला "चल, डॉक्टर आल्यात" म्हटले, तर ती शेपटी हलवत निघाली आणि दिवसभर सभाघराच्या दारात बसून राहिली. अर्जदाराने उभा जन्म थापा मारल्या. देवमाशावर बसून लग्नाला गेल्याची थाप तर तीन गावांनी खरी मानली. पण सोमवारी तेच वाक्य तिला पुन्हा सांगणे अर्जदाराच्याने होणार नाही. दोरी धरायला आपणच यावे.

सोमवारच्या आत उत्तर मागणारा,
आपला नम्र,
फाआओलो तिमोतेओ
सातुआफे, शुक्रवार, दि. ९ ऑगस्ट २०१९

सोबत : शस्त्रक्रियेस तयार असलेल्या कुत्र्यांची नावानिशी यादी. निर्णय यादी मोठ्याने वाचून झाल्यावर घ्यावा, ही विनंती.