दस्त्यावर चाळीस दसरे

चिरंजीव हरिदास यास थोरल्या बहिणीचा, मोठ्या बाईचा आशीर्वाद. इथी सगळे जिवंत आहेत, तिथीही असतीनच. कोणी गेलं असतं तर तुझा फोन आला असता, एरवी तर येत नाई. गुडघा कसा आहे? मी दिलेलं तेल गुडघ्याले लावून राह्यला का दाराच्या बिजागरीले, ते मी रंजीताले विचारीन (तुझी बायको खोटं बोलत नाई, तिची तेवढीच खोड आहे).

खबर अशी. उन्हाळ्यात निवडणुकीसाठी सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा केल्या होत्या ना, तर तुझ्या भाऊजीची बंदूक सोडवाले मी आमच्या पोरासंगं, प्रवीणसंगं गेली. भाऊजी गेल्यापासून परवाना माझ्या नावावर, म्हणून सही करून बंदूक मीच उचलली. बंदुकीचा लाकडी दस्ता मुठीतून असा सुटला जशी बोडीच्या पाण्यातली मासोळी, आन् पडला तो हवालदाराच्या चहात. (कप फुटला. हवालदार भला माणूस, बंदुकीले लागलं का म्हणून आधी विचारलं.) आमचं लेकरू सगळ्या ठाण्यासमोर म्हणते, "माय, तुले चमचा धरता येत नाई, बंदूक काय धरशीन? इथीच कायमची जमा करू." मी म्हटलं, "चमच्यानं रानडुकरं पळत असतीन तर आणून दे." शेवटी ठरलं, दसऱ्यापर्यंत मुठीत पक्की बसली तर घरी, नाई तर जमा. आता बांधीत धान लोंबीवर आलं. रात-दिवस हवेत आवाज काढला नाई तर आम्ही काय डुकराचं उष्टं खावं?

दोष माझ्या हाताचा नाई. हात घसरू नये म्हणून दस्त्याच्या मुठीवर बारीक तिरप्या रेघांची जाळी कोरली असते ना, ती आमच्या बंदुकीची पार गुळगुळीत झाली होती, काळी, चकचकीत, टिकली लावाले आरसा म्हणून चालली असती. म्हणून गावच्या लच्छू सुताराकडे शिकाले गेली. त्यानं नळी काढून ठेवली आन् करवतीच्या पात्याचं दोन दात्यांचं हत्यार करून दिलं. एक दाता आधीच्या रेघेत चालवाचा, दुसरा बाजूले नवी रेघ पाडते. सांगाले सोपं. म्हणे, आधी दुसऱ्या लाकडावर हात बसवा. बसवला. पोळपाटावर बसवला, तर दुसऱ्या दिवशी सूनबाई नूतनच्या पोळ्या जाळीदार आल्या. प्रवीण विचारते, ह्या कोणत्या हॉटेलच्या? पिढ्यावर बसवला, तर शेजारीण उठली तेव्हा तिच्या लुगड्याचे धागे पिढ्यालेच राह्यले (अजून बोलत नाई माझ्याशी, तेवढीच शांतता).

मग दस्त्याच्या उजव्या अंगाले हात घातला, जिथी तळवा बसते. जुनी रेघ दिसतच नव्हती, म्हणून अंदाजानं नवी पाडली. तीन दिवस. मान आखडली, चष्म्याची दांडी मोडली. रेघेतून लाल-काळा भुगा निघे, मले वाटलं जुन्या लाकडाचा गाभा असन. चौथ्या दिवशी नूतन म्हणते, "आई, ह्याले तर हळदीचा वास येऊन राह्यला." मग कोमट पाणी, कपड्याचा साबण आन् दाताचा जुना ब्रश घेऊन ती डावं अंग घासाले बसली. हरिदास, तिथून दसरे निघाले! एका थरात तांदळाचा दाणा, एका थरात झेंडूची पाकळी. चाळीस वर्षं दर दसऱ्याले त्याच जाग्यावर तेल, हळद, कुंकू थापणारी कोण? मीच. आन् खाली जाळी जशीच्या तशी, तळव्याले टोचन अशी. झिजलं काहीच नव्हतं. उजव्या अंगाले मात्र चांगल्या जाळीवर माझी जाळी, तिरप्यावर वाकडी, उंदरानं कुरतडल्यासारखी. हात आधीपेक्षा जास्त घसरते. लच्छू पाहून म्हणते, "बाई, हात तर मस्त बसला तुमचा, जागा तेवढी चुकली." त्याचं काय जाते?

असो. तुझ्याकडं मागाचं काही नाई, डोकं तापलं म्हणून लिहिलं. तेल लाव.

तुझी बाई,
बायना

ता. क. तू आन् तुझ्या भाऊजीनं चंद्रपूरच्या एकाच दुकानातून एकाच दिवशी बंदुका आणल्या होत्या, लाकूडही सारखंच. नंबर नळीवर असते, दस्त्यावर नाई, हे मी ठाण्यात विचारून आली. तुझी शेती ठेक्यानं दिलेली, दहा वर्षांत तू एक आवाज काढला नाई. म्हणून माझा दस्ता तुझ्या नळीले लाव आन् डावं अंग वर करून पेटीत ठेव, कोणाले कळत नाई. तुझा मले दे. त्याच्यावरची पूजा मी ब्रशानं काढीन, कोरणार नाई.

ता. क. दुसरा. नाई म्हणाले तोंड उघडू नको. पत्र घेऊन आलेला माणूस लच्छूच आहे, त्याच्या खांद्यावरच्या झोऱ्यात माझा दस्ता आन् स्क्रू काढाचा पेचकस. तू ओट्यावर बसून एवढं लांब पत्र वाचशीन तेवढ्यात रंजीता त्याले पेटीची चावी देईन आन् तो दस्ते बदलीन, हे आम्ही दोघींनी मागच्या बाजारात अहेरीलेच ठरवलं. (नाई तर तुले चार पानं लिहाले मले काय वेड लागलं?) आता मान वर करून पाह्य. गेला असन.