कोनशिलेवरचे ‘कै.’

ती. अक्काच्या पायांशी धाकट्या भावाचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला की अजून मुक्कामालाच आहे? इकडे माझी प्रकृती उत्तम आहे. हे वाक्य तू दर पत्रात न वाचताच पुढे जातेस, या वेळी मात्र कृपा करून दोनदा वाच. कारण माझ्या जाण्याबद्दल आमच्या हिला लिहिलेले तुझे सांत्वनाचे पत्र काल पोचले. तिने ते वाचले आणि ती हमसून हमसून रडली. मी समोरच्याच खुर्चीत बसलो होतो. अगं, मी इथे आहे, असे चांगले मोठ्याने म्हणालो. तिने उठून खिडकी लावून घेतली. (तिला ऐकू कमी येते, हे तुला ठाऊकच आहे.)

सगळा घोळ त्या कॉलेजपायी झाला. आपल्या पोरांना शिकायला परमुलखात जावे लागते आणि गेलेली पोरे परत येत नाहीत, म्हणून मी लाकडाच्या वखारीमागची जागा आणि इमारतीचे सगळे लाकूड देऊन टाकले. सरकारने परवानगी दिली आणि बाकीचे आमच्यावर सोडले. मग विणकरांनी पडदे दिले, तेल्याने दिव्यांचे तेल पत्करले, शिंप्याने प्रोफेसरांचे झगे फुकट शिवले (सगळे एकाच मापाचे, गणिताचे प्रोफेसर त्यात शोधावे लागतात). कोनशिलेवर माझे नाव घालायचे ठरले. आता आमच्या पाथरवटाने आजवर देणगीदारांचे जेवढे दगड घडवले, ते सगळे गेलेल्या माणसांचे. सवयीने त्याचा हात गेला आणि तो माझ्या नावाआधीही ‘कै.’ कोरून बसला.

समारंभाला लाटसाहेब आले. त्यांनी दोरी ओढली, पडदा बाजूला झाला, टाळ्या पडल्या. मी ते अक्षर वाचले आणि अंगातून काहीतरी सरकन निघून गेल्यासारखे वाटले. मग एकदम आरडाओरडा झाला. सगळे माझ्या खुर्चीकडे धावले आणि डॉक्टरांना वाट द्या, वाट द्या म्हणू लागले. मला नवल वाटले, कारण मी तर कोनशिलेपाशी उभा होतो. खुर्चीत कोणाला भोवळ आली, ते गर्दीत काही दिसले नाही.

पुढे तक्रार घेऊन प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेलो. ते कारकुनाला सांगत होते की शेठ गेल्यापासून देणग्यांचा ओघ लागला आहे. जिवंत देणगीदार रोज येऊन भिंती ठोकून बघतो, त्याचा जाच गेला. (भिंती मी ठोकत होतो, हे खरे आहे. एक पोकळ वाजते.) तिथून शेजारच्या वर्गात जाऊन बसलो, तेवढ्यात घंटा झाली आणि सगळा वर्ग माझ्या स्मरणार्थ डोळे मिटून उभा राहिला. सगळे उभे असताना आपण बसणे बरे दिसेना, म्हणून मीही उभा राहिलो. वर्ग गच्च भरला होता आणि सगळी आपल्याच गल्ल्यांतली पोरे होती. खोटे कशाला सांगू, मला भरून आले.

शेवटी पाथरवटालाच गाठले. ते अक्षर काढून टाक, असे त्याला सांगितले. एवढ्या दिवसांत माझे ऐकणारा तोच पहिला. त्याने मान वर केली नाही की छिन्नी थांबवली नाही. “सगळेच येतात शेठ, सुरुवातीला,” तो म्हणाला. “हीच तक्रार असते. मग हळूहळू यायचं सोडतात.” सोडून कुठे जातात, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

अक्का, मला भीती वाटते गं. घरी येऊन दिवाणखान्यात बसायला गेलो तर माझी खुर्ची माळ्यावर गेली होती. उभ्याने लिहीत आहे, अक्षर वेडेवाकडे येईल.

तुझा आज्ञाधारक (आणि हयात) भाऊ

ता. क. कॉलेजात बाके कमी पडत आहेत. तुमच्या गोदामातली जुनी बाके भावजींना सांगून पाठवून दे. वर माझे नाव ‘कै.’ लावूनच घाल, हल्ली तसे पाठवलेले लवकर पोचते.

आणखी ता. क. बाके राहू देत, खरे मागणे वेगळेच आहे. सांत्वनाच्या पत्रात तू मला ‘गुणी’, ‘देवमाणूस’ असे काय काय म्हटले आहेस. ते वाचून माझे हातपाय गार पडले. उभ्या जन्मात तू मला दुसरी हाक मारली नाहीस. जेवलास का मेल्या, मेल्या पत्र का नाही तुझे, हेच ऐकत मी मोठा झालो. तेव्हा उत्तर हिच्या नावाने नको, माझ्या नावाने पाठव, आणि पहिल्याच ओळीत तेवढा एक शब्द लिही. मेलेल्या माणसाला कोणी ‘मेल्या’ म्हणत नाही.