वेळेच्या पक्क्या साहेबरावाचा पुतळा

रेणापूर, ६ जानेवारी २०२५

ती. कावेरीवहिनीस अण्णारावचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. दादांना जाऊन दोन महिने झाले तरी गावात दुसरा विषय नाही. लेकरं अजून दादांच्या, म्हणजे त्यांच्या साहेबराव ड्रायव्हरच्या, भोंग्याची नक्कल करत हिंडतात. फाट्यावर दादांचा अर्धपुतळा बसवायचं ठरलं आहे. खाली पाटी येईल, की शेवटपर्यंत ब्रेक धरून बसले, प्रवाशांना वाचवलं आणि स्वतः मालगाडीवर आदळून अमर झाले. अनावरण तुमच्या हातून. त्या दिवशी लातूरच्या ठेसनात आम्ही दादांच्या सत्काराला फेटा, शाल, बँड घेऊन उभे होतो आणि गाडी आलीच नाही.

दुसरं म्हणजे, माझ्या तनुजाची सोयरीक मी मोडली. दादांनीच जुळवली होती, मान्य. पण दादांचा असिस्टंट म्हणून इंजनात शेजारी बसायचं आणि वेळ आली की उडी मारून आपला जीव वाचवायचा, असा सत्यम मला जावई नको. हिमायतनगरला त्याच्या घरी तसा निरोप धाडला आहे. तनुजा रडते आहे. रडेल आणि थांबेल.

आमच्यावर लोभ आहेच, तो पुतळ्यावरही असू द्यावा.

आपला दीर,
अण्णाराव


नांदेड, १२ जानेवारी

चि. अण्णाराव भाऊजींस अनेक आशीर्वाद.

फोनवर तुम्ही मला बोलू देत न्हाई म्हणून लिहून राहिले. कागदाला मधी तोडता येत न्हाई. चौथी शिकलेली बाई हाय, वेलांट्या सांभाळून घ्या.

पुतळ्याचा फोटो माझ्या लेकीनं, पुनमनं, मोबाईलवर दाखवला. ह्या मिशा कुणाच्या? तुमच्या दादाच्या मिशा चहात बुडायच्या, ह्या तर आभाळाकडं निघाल्या. जाऊ द्या, मिशांचं काय न्हाई.

पाटीचं मात्र हाय. ब्रेक धरून बसले म्हणं! अहो, ब्रेक एकदा मारला की लागतो. त्याला म्हशीच्या दाव्यावानी धरून बसावं लागत न्हाई. आख्खा जन्म ड्रायव्हरच्या घरात गेला, एवढं मलाबी कळतं. ब्रेक मारून त्यांनाबी मागं पळता आलं असतं. ते बसले भोंगा दाबून. पुढं उभ्या मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड होता, शिवप्पा, उदगीरकडचा. परवा तुरीची डाळ घेऊन भेटायला आला. भोंगा काही केल्या थांबंना म्हणून मी खाली उतरून पळालो अन् वाचलो, असं सांगून ढसाढसा रडला. मी डाळ ठेवून घेतली अन् त्याला गप केलं. हे लिहा पाटीवर.

अन् सत्यमनं उडी मारली न्हाई. तुमच्या दादानं त्याची कॉलर धरून, आईवरून शिवी घालून, दारातून ढकलला. ती शिवी त्यानं मला लाजत लाजत सांगितली. शिवी ह्यांचीच हाय, मी ओळखते.

आता चूक कुणाची ते ऐका. इंजनात सिग्नल मोठ्यानं पुकारायचा असतो. एकानं पुकारला की दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा. सत्यमनं पिवळा पुकारला, म्हणजे गाडी हळू करा. ह्यांनी पिवळा म्हणायच्या ऐवजी सांगितलं, होईल हिरवा. का? तर लाड! साहेबरावाचा भोंगा ऐकला की फाटकवाले फाटक लावून तयार, ठेसनवाले रस्ता मोकळा करून तयार. जन्मभर पिवळ्याचा हिरवा होत आला. त्या दिवशी त्या बारक्या ठेसनात मालगाडीचं शेपूट बाजूच्या रुळावर पुरतं मावलंच न्हवतं. मग हिरवा होणार कुठून? लाल दिसला तवर गाडी आवरायची वेळ गेली होती.

सोयरीक परत जोडा. वर्षाच्या आत लगीन उरकू.

लोभ कमी केला तरी चालेल, डोकं वापरा.

वहिनी,
कावेरी


रेणापूर, २० जानेवारी

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून मनाला लागलं. गेलेल्या माणसाचे, त्यातून नवऱ्याचे दोष असे उगाळायचे नसतात.

दादांना घाई होती असं घटकाभर धरलं तरी कशाची? चौकशीच्या साहेबांनी सत्यमला हेच फिरून फिरून विचारलं, की साहेबराव एवढी गाडी का पळवत होते. हा म्हणतो, माहीत नाही. खांद्याला खांदा लावून बसलेल्याला माहीत नाही? त्याला कामावरून घरी बसवलं आहे, नोकरी जायची वेळ आली तरी तोंड उघडत नाही. काहीतरी लपवून राहिला. अशा लबाडाच्या गळ्यात पोरगी बांधू काय? तुम्ही अनावरणाला या. बाकी विषय बंद.

कृपादृष्टी असावी, उपदेश नसला तरी चालेल.

अण्णाराव


नांदेड, २६ जानेवारी

चि. भाऊजींस आशीर्वाद.

विषय तुम्ही बंद केला, मी उघडून राहिले.

लपवून राहिला, हाव. तुम्हालाच लपवून राहिला.

त्या दिवशी गाडी नांदेडहूनच उशिरा सुटली. अन् लातुरात बॅनर कुणी लावलं होतं? वेळेचा पक्का साहेबराव ड्रायव्हर. त्यात तुमचा फोटो त्यांच्याहून मोठा. पुढारी बोलावला, बँड बोलावला. सत्कार कशाचा, तर वेळेवर येण्याचा. अन् तोच माणूस उशिरा! सबंध वाटेनं ह्यांचं एकच चालू होतं म्हणं, की अण्णाराव फेटा घेऊन उभा हाय, चार लोकांत त्याची फजिती व्हायची. सत्यमनं हे फक्त मला सांगितलं अन् पाया पडला, की काकांना कळू देऊ नका, साहेबांपुढं बोललो तर काकांना चौकशीत ओढतील, सत्कारापायी भाऊ घालवला असं गाव म्हणेल. म्हणून पोरगं गप. मीबी गप बसणार होते. पण तुम्ही त्याला लबाड म्हणलात.

आता रडत बसू नका. गाडी तुम्ही पळवली न्हाई, त्यांनी पळवली. घरात फेट्यांनी ट्रंक भरलीय, उंदरं कुरतडून राहिले, तरी ह्यांना अजून एक पाहिजे होता. लई राग येतो हो. सकाळी डब्यापुरत्या चपात्या जास्तीच्या लाटल्या जातात, मग त्यांच्यावरच राग काढते.

हिमायतनगरला जा. फोन करू नका, जा.

राग आला तर येऊ द्या, लोभाचं मग बघू.

कावेरी


रेणापूर, ४ फेब्रुवारी

ती. वहिनीस नमस्कार.

हिमायतनगरला गेलो. सत्यमच्या आईनं, गौरम्माबाईंनी, पाणी दिलं. सत्यम शेतात हरभरा काढत होता. बांधावर उभा राहून मला सगळं कळलं असं सांगितलं, तर माझ्यावर चिडायचं सोडून तुमच्यावरच चिडला, की कावेरीकाकूच्या पोटात म्हणून काही राहत नाही. मग दोघंही हसलो, आणि पुढं मला हसता येईना.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन नांदेडला चौकशीच्या ऑफिसात गेलो. तुमच्या दारावरून गेलो, आत यायची हिंमत झाली नाही. सत्यम मला दारातच अडवत होता, मी ऐकलं नाही, त्यालाच बाहेर उभा करून आत गेलो. सत्काराचं, बॅनरचं, बँडचं सगळं साहेबांपुढं मीच सांगितलं. शिवप्पालाही बोलवा म्हणालो. लिहून घेता घेता साहेबांनी विचारलं, की तुम्ही साहेबराव ड्रायव्हरचे कोण. घरून निघताना दादांचा भाऊ असंच सांगायचं ठरवलं होतं.

मी म्हणालो, ह्या बाहेर उभ्या पोराचा सासरा.

दार उघडं ठेवाल एवढाच लोभ मागतो.

अण्णाराव