तळणाच्या तेलावरची फेरी

४ नोव्हेंबर, मंगळवार

चालली! हॉस्पिटलच्या कँटीनमधल्या तळून उरलेल्या तेलावर माझी व्हॅन आज अठरा किलोमीटर चालली — पाच पेशंटना घेऊन, चढासकट!

सुरू केली डिझेलवरच. इंजिन तापलं, त्याच्या गरम पाण्याने दुसऱ्या टाकीतलं तळणाचं तेल पातळ झालं, तेव्हा बटण दाबून गाडी त्यावर घेतली. मी कान टवकारून बसले होते. आवाज बिघडला नाही. उलट जरा मऊच झाला.

डिझेल परवडेना म्हणून ही डायलिसिसची फेरी बंद करायची वेळ आली होती. आठवड्यातून तीनदा ही माणसं जाणार कशी? चैन पडत नव्हतं. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परीक्षानळ्या विसळल्या, ते काही वाया गेलं नाही.

उतरताना टेलरकाकू म्हणाल्या, "बाई, आम्हाला तळलेलं बंद, आणि तुमच्या धुराला तळणाचा वास. छळ आहे हा!"

६ नोव्हेंबर, गुरुवार

दादाला सांगितलं. चाळीस वर्षं गॅरेज चालवतोय माझा भाऊ. हातातला पानासुद्धा खाली ठेवला नाही.

"अगं, इंजिन आहे ते, कढई नाही. महिन्याभरात पंप जाम होईल. मग येऊ नकोस माझ्याकडे रडत."

नाही येणार!

११ नोव्हेंबर, मंगळवार

आता सगळं अंगवळणी पडलंय. तेल दोन आठवडे पिंपात निवळू द्यायचं. तळाला हात लावायचा नाही. वरचं तेवढं घ्यायचं, आधी जुन्या चादरीतून गाळायचं, मग बारीक फिल्टरमधून. शेवटी तापल्या तव्यावर दोन थेंब. तडतडलं की समजायचं, पाणी राहिलंय — पुन्हा तापवा! आणि गाडी बंद करण्याआधी पाच मिनिटं डिझेलवर, नाहीतर नळ्यांमध्ये तेल थिजून बसतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

चूक माझीच. लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही.

काल घाईत तव्यावरची परीक्षा केली नाही. आज पुलाच्या चढावर गाडी आचके द्यायला लागली आणि बंद पडली. मागे पाच माणसं, प्रत्येकाची मशीनची वेळ ठरलेली. मास्तरांचे पाय तर सकाळपासून सुजलेले. टेलरकाकू उलट मलाच धीर देत होत्या. तेच जास्त टोचलं.

दादाला फोन करायला हात गेला. मागे घेतला. बाह्या सरसावल्या, फिल्टर उघडला — दुधाळ पाणी! नवा बसवला, नळीतली हवा काढली, डिझेलवर किल्ली फिरवली. धडधडली!

मास्तरांनी घड्याळ लावलं होतं. "बारा मिनिटं. पैकीच्या पैकी!"

वेळेत पोचलो. त्यांना उतरवल्यावर स्टिअरिंगवर डोकं टेकून थोडंसं रडले. मग घरी येऊन अख्खं पिंप पुन्हा तापवलं.

१६ डिसेंबर, मंगळवार

कडाक्याची थंडी. तेल लोण्यासारखं घट्ट. तरी एकही फेरी चुकली नाही.

१० जानेवारी, शनिवार

दादा आला! न सांगता, न विचारता. बॉनेट उघडलं, इंजिनात तेल फवारणारं एक नोझल काढून उजेडात धरलं. मी पदराला हात पुसत उभी, निकालाच्या दिवशी उभं राहावं तशी.

"काजळी नाही धरली," म्हणाला. नोझल परत बसवत, "कुणी शिकवलं?"

"कुणी नाही."

"तरीच इतकं नीट केलंयस." आणि हसला!

दादाच्या तोंडून एवढं म्हणजे खूपच झालं. संध्याकाळी वहिनीचा फोन — गॅरेजमध्ये येईल त्याला सांगत सुटलाय, "आमच्या धाकटीने करून दाखवलं." अंगावर मूठभर मांस चढलं!

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी पुन्हा वहिनीचा फोन. दादाने तिच्या हातून घेतला.

"अगं, उद्यापासून तुझ्या गाडीत माझी एक जागा धर. मंगळवार, गुरुवार, शनिवार."

मी खुर्ची ओढून बसले.

"डॉक्टर म्हणतात, किडन्या गेल्या दोन्ही. ऐकतेयस ना? मागे नको बसवू मला. पुढे बसेन, तुझ्या शेजारी."

पुढची सीट पुसून ठेवली.